कामाची वाट आणि अडचणीचे मूळ

धंद्यात अडचण उत्पन्न झाली की तिचे पहिले निदान बहुधा एखाद्या वाक्यात होते. ‘माल वेळेवर जात नाही’, ‘बिले अडकून राहतात’, ‘खालची माणसे लक्ष देत नाहीत’ ही अशा निदानांची नित्याची रूपे होत. यांपैकी पहिल्या दोन वाक्यांत कर्ताच नाही. तिसऱ्यात कर्ता आहे, परंतु तो पुराव्याने ठरलेला नसून अधिकाराच्या उतरंडीने ठरलेला आहे. दोष कोठे आहे हे न पाहता तो कोणाचा आहे हे ठरवून टाकण्याची ही घाई पुष्कळदा महागात पडते. नवे यंत्र घेतले जाते, एखाद्या कामगाराची बदली होते, आणि अडचण पूर्वीच्या जागी तशीच राहते.

या घाईला आवर घालण्याचा एक साधा उपाय म्हणजे चालू कामाचे आलेखन. काम आज ज्या वाटेने जात आहे ती वाट, तीवरील प्रत्येक टप्पा, प्रत्येक हस्तांतर आणि प्रत्येक मुक्काम यांसह कागदावर मांडणे, एवढाच या संज्ञेचा अर्थ आहे. काम कसे व्हावे हा प्रश्न येथे तूर्त बाजूला ठेवावयाचा असतो. काम कसे होते, एवढेच पाहावयाचे असते. हे ऐकावयास सोपे वाटले तरी करावयास अवघड आहे. याचे कारण बरेचसे भाषेत आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ व्यवस्थापनशास्त्राचा न राहता भाषेच्या अभ्यासकांनीही लक्ष द्यावे असा झाला आहे.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात असा. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये तेथील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे कार्यप्रक्रियेच्या आलेखाची कल्पना मांडली. त्याच संस्थेने १९४७ मध्ये आलेखाची पाच चिन्हे प्रमाण म्हणून ठरविली : क्रियेसाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, साठवणुकीसाठी त्रिकोण, आणि खोळंब्यासाठी रोमन लिपीतील ‘डी’ या अक्षराची आकृती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये कार्याभ्यासावर प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकामुळे ही चिन्हे अनेक देशांतील कारखान्यांपर्यंत पोहोचली. भारतात १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६३ मध्ये मुंबईच्या उपनगरात, पवईनजीक विहार तलावाच्या परिसरात, औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था ‘नीटी’ उभी राहिली. २०२३ पासून तीच भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते. कार्याभ्यासाची विद्या या शहराला परकी नाही, हे यावरून दिसेल.

नियम, सांगणे आणि घडणे

कोणत्याही कचेरीत वा कारखान्यात एकाच कामाची तीन वर्णने नांदत असतात. पहिले नियमपुस्तकातले, दुसरे विचारल्यावर माणसे सांगतात ते, आणि तिसरे प्रत्यक्ष घडते ते. मराठीत या तिहींची क्रियापदेही निरनिराळी आहेत. नियमपुस्तक विध्यर्थात बोलते : ‘कारकुनाने मागणीची नोंद करावी.’ चौकशीला उत्तर देणारा मनुष्य रीतिवर्तमानात बोलतो : ‘मागणी आली की आम्ही नोंद करतो.’ घडलेले मात्र भूतकाळातच सांगावे लागते : ‘ती मागणी सोमवारी आली, कारकुनाने ती बुधवारी नोंदली.’

बोलीचा अभ्यास करणाऱ्यास ही त्रिविधता चांगली परिचित आहे. ‘तुमच्याकडे या वस्तूला काय म्हणतात?’ असे विचारले असता निवेदक पुष्कळदा आपल्या मते शुद्ध असलेला शब्द सांगतो, आणि क्षणभराने शेजाऱ्याशी बोलताना निराळाच शब्द वापरतो. तो खोटे बोलत नसतो. विचारणाऱ्याला काय हवे असावे याचा अंदाज बांधून तो उत्तर देत असतो. कामाविषयी सांगणाराही तसाच वागतो. म्हणून अनुभवी आलेखकार ‘हे काम कसे करता?’ असे विचारीत नाही. तो एखादा विशिष्ट कागद हाती घेतो आणि विचारतो, ‘हा तुमच्याकडे केव्हा आला? कोणी दिला? पुढे कोणाला दिला?’ प्रश्न भूतकाळात गेला की उत्तरही भूतकाळात येते.

यात मराठीच्या व्याकरणाचे एक साहाय्य आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ वा ‘नी’ हा प्रत्यय लागतो : ‘शिपायाने कागद दिला’, ‘साहेबांनी सही केली’. कर्ता असा चिन्हांकित होऊन पुढे उभा राहतो. उलट, कचेरीच्या मराठीला प्रिय असलेली ‘-ण्यात येते’ ही रचना कर्त्याला पडद्याआड नेते : ‘नोंद घेण्यात येते’, ‘तपासणी करण्यात येते’, ‘प्रमाणपत्र देण्यात येते’. या वाक्यांत क्रिया आहे, कर्म आहे, परंतु ती क्रिया कोणाच्या मेजावर व केव्हा घडते याचा पत्ता नाही. आलेखात मात्र प्रत्येक कर्त्यासाठी एक आडवी पट्टी आखलेली असते, आणि प्रत्येक क्रियेचे वर्तुळ कोणाच्या तरी पट्टीत बसवावेच लागते. जे वर्तुळ कोणत्याच पट्टीत बसत नाही, तेथे अडचणीचा पहिला माग लागतो.

दुसरे निरीक्षण याहूनही उपयुक्त आहे. नियमपुस्तकात वाट पाहण्याचे क्रियापद नसते. ‘कागद तीन दिवस पडून राहावा’ असा नियम कोणी लिहीत नाही. बोलणाऱ्या माणसांच्या मराठीत मात्र अशा क्रियापदांची रेलचेल असते : अडणे, पडून राहणे, राहून जाणे, खोळंबणे, तुंबणे. ही सर्व अकर्मक आहेत. त्यांत कोणी काही करीत नाही, गोष्टी आपोआप होतात. मुलाखत टिपून घेताना जेथे जेथे असे क्रियापद येईल, तेथे तेथे खोळंब्याचे चिन्ह मांडावे, असा नियम नवशिक्या आलेखकाराने केल्यास तो फारसा चुकणार नाही.

एक कल्पित उदाहरण

समजा, अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणारा एक लहान कारखाना आहे. ग्राहकांची तक्रार अशी की मागणी दिल्यापासून माल निघण्यास कामाचे बारा दिवस लागतात. मालकाचे निदान असे की लेथवरची माणसे संथ आहेत. लेथवरील दोघांची पगारवाढ थांबवावी आणि एक नवे यंत्र घ्यावे, असा त्याचा विचार चालला आहे.

आता एकाच मागणीचा माग घेऊ. कचेरीत मागणी नोंदण्यास १५ मिनिटे लागली; दराच्या मंजुरीसाठी ती मालकाच्या मेजावर २ दिवस राहिली. कोठारातून धातू काढण्यास २० मिनिटे लागली; तो लेथपर्यंत नेला जाण्यास १ दिवस गेला. लेथवरचे काम ३ तासांत झाले; तपासनिसाच्या मेजावर जागा होईपर्यंत माल १ दिवस थांबला. तपासणीस १ तास लागला. त्यानंतर तपासणीचे प्रमाणपत्र येईपर्यंत माल ४ दिवस पडून राहिला. बांधणी व चलन यांस १ तास २५ मिनिटे लागली. पुरेसा माल जमून मोटार भरेपर्यंत आणखी ३ दिवस गेले.

बेरीज केली असता प्रत्यक्ष काम ६ तासांचे, म्हणजे आठ तासांच्या एका पाळीपेक्षाही कमी भरते. खोळंबा ११ दिवसांचा. नवा लेथ दुप्पट वेगाने चालला तरी बारा दिवसांतून दीड तास वाचेल. ज्या दोन माणसांची पगारवाढ थांबावयाची होती, त्यांच्या पट्टीतील वर्तुळे साऱ्या आलेखात सर्वांत भरीव निघतात.

चार दिवसांच्या खोळंब्याचे मूळ मात्र अद्याप कळलेले नाही. आलेख जागा दाखवितो. कारण शोधण्यासाठी त्या जागी उभे राहून ‘का?’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केलेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत ती हीच. प्रमाणपत्र चार दिवस का आले नाही? ते आठवड्यातून एकदाच, शनिवारी, टंकलिखित होते म्हणून. शनिवारीच का? आठवड्याची सर्व प्रमाणपत्रे एकत्र करण्याची पद्धत आहे म्हणून. ही पद्धत का पडली? एका मोठ्या ग्राहकाला ती एकत्रित हवी असत म्हणून. तो ग्राहक आज आहे काय? नाही, त्याने या कारखान्याशी व्यवहार थांबवून बराच काळ लोटला. मग पद्धत का चालू राहिली? ती बंद करण्याचे काम कोणाचेच नव्हते म्हणून. नियमपुस्तकात वाक्य होते ते असे : ‘तपासणीनंतर प्रमाणपत्र देण्यात येते.’ कोण देतो आणि केव्हा, हे त्या वाक्याने कधी सांगितलेच नव्हते.

उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातून निघणारा धडा सामान्य आहे. अडचण जेथे दिसते तेथे ती जन्मलेली असतेच असे नाही. तक्रार कारखान्याच्या दाराशी ऐकू येते, बोट लेथकडे दाखविले जाते, आणि मूळ कचेरीतल्या एका जुन्या सवयीत असते.

डब्याची वाट

कल्पित उदाहरणाकडून खऱ्या उदाहरणाकडे वळावयाचे तर मुंबईच्या उपनगरांत डबेवाल्यांच्या व्यवसायासारखा दुसरा विषय मिळणे कठीण. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये या व्यवसायाचा आरंभ केला असे परंपरा सांगते. नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट ही त्यांची संस्था १९५६ मध्ये नोंदविली गेली. डबेवाले बहुतांशी पुणे जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. २०२० पूर्वी सुमारे ५,००० माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत-आणीत असत, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो.

बोरिवलीच्या एखाद्या घरातून निघालेल्या डब्याचा आलेख पुढीलप्रमाणे काढता येईल. सकाळी एक डबेवाला ठरलेल्या घरांतून डबे गोळा करतो व सायकलने वा चालत स्थानकावर आणतो. तेथे डब्यांची उतरण्याच्या स्थानकानुसार विभागणी होते. लाकडी पाट्यांत भरलेले डबे लोकलच्या सामानडब्यातून दक्षिणेकडे जातात. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. अंधेरीचे डबे याच मार्गाने, तर मुलुंड व घाटकोपरचे डबे मध्य रेल्वेने येतात. उतरल्यावर पुन्हा विभागणी होते, या वेळी विभाग व इमारत यांनुसार. मग निराळाच डबेवाला तो डबा कचेरीत पोहोचवितो. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने उलट परततो. जाताना डबा साधारणपणे तीन-चार हातांतून जातो, आणि प्रत्येक हस्तांतर हे चुकीचे संभाव्य स्थान असते.

या स्थानांवर चूक कशी टळते, याचे उत्तर झाकणावरच्या चिन्हांत आहे. मध्यभागी मोठा अंक असतो. तो डबा कोणत्या विभागात जावयाचा हे सांगतो. कडेला पोहोचविणाऱ्याचा अंक, इमारतीची अक्षरे आणि मजल्याचा अंक असतो. मूळ स्थानकासाठी रंग वा आकृती यांची खूण असते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या चिन्हव्यवस्थेचा विशेष असा की तीतील प्रत्येक चिन्हाला ठरलेला वाचक आहे. वाटेवर विभागणी करणारा फक्त मधला अंक वाचतो; इमारतीच्या अक्षरांशी त्याला कर्तव्य नसते. पोहोचविणारा कडेची चिन्हे वाचतो. परतीच्या विभागणीत मूळ स्थानकाची खूण कामी येते. ग्राहकाचे नाव झाकणावर नसते, कारण त्याची गरज कोणत्याच हस्तांतराला नसते. घराचा पत्ताही नसतो. तो गोळा करणाऱ्याच्या स्मरणात असतो. म्हणजे हे झाकण साऱ्या वाटेचा संक्षिप्त आलेखच होय, आणि तो कामाबरोबर चालत असतो. नियम, सांगणे व घडणे यांत अंतर पडण्यास तो फारच थोडा वाव ठेवतो.

२०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवसायशिक्षणशाळेने या पद्धतीवर एक अभ्यासप्रकरण तयार केले. परंतु त्याच्या कितीतरी आधी या व्यवसायाची कीर्ती एका आकड्यामुळे झाली होती, आणि त्या आकड्याची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ नियतकालिकाच्या लेखकाने संघटनेच्या प्रमुखांना विचारले की चूक किती वेळा होते. उत्तर मिळाले की जवळजवळ कधीच नाही. दोन महिन्यांतून एखादी असेल. लेखकाने डब्यांची रोजची संख्या सुमारे १,७५,००० धरून हिशेब केला. सुमारे ८० लाख पोहोचवण्यांत एक चूक, आणि परतीची फेरी धरल्यास १ कोटी ६० लाखांत एक, असा आकडा आला. पुढे, ‘फोर्ब्स’ने डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ दर्जाचे प्रमाणपत्र दिले आहे, असा समज सर्वत्र पसरला. वस्तुतः असे प्रमाणपत्र दिलेले नव्हते, आणि तो शब्दही आपण वापरला नव्हता, असे त्या लेखकानेच नंतर स्पष्ट केले.

येथे कोणी लबाडी केली असे नाही. संभाषणातले एक ‘असेल’ आधी संख्या झाले, संख्येचा दर्जा झाला, आणि दर्ज्याचे प्रमाणपत्र झाले. प्रत्येक हस्तांतरात संभावनेचा अंश गळून गेला. ज्या व्यवसायात डबा हातोहात जाताना चुकत नाही, त्याच व्यवसायाविषयीचे एक वाक्य हातोहात जाताना पार बदलले. सांगितलेले आणि मोजलेले यांतील भेद न पाळल्यास स्तुतीदेखील चुकीच्या जागी पोहोचते. मग निंदेची काय कथा!

आलेखाच्या चौकटीबाहेरचे कारण

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे लोकलची प्रवासी वाहतूक बंद झाली. कचेऱ्या बंद पडल्या, आणि डबेवाल्यांचा व्यवसायही थांबला. लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या सर्वसाधारण प्रवाशांना लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली झाली. मधल्या काळात पुष्कळ डबेवाले गावी परतले होते किंवा त्यांनी दुसरी कामे धरली होती. ग्राहकांची संख्या पूर्वीच्या पातळीवर आली नाही. या घसरणीचे निदानही वाक्यांतच झाले : भ्रमणध्वनीवरून जेवण मागविण्याची सोय झाली, लोकांना घरच्या अन्नाची आवड राहिली नाही, जुनी पद्धत आता कालबाह्य झाली.

ही विधाने खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी वाट पुन्हा आखून पाहणे इष्ट. गोळा करणे, विभागणी, प्रवास, पुन्हा विभागणी, पोहोचविणे, परत आणणे या वर्तुळांपैकी कोणते बिघडले? ज्या टप्प्यांवर डबेवाल्याचा हात आहे, त्यांतील कोणत्याही टप्प्याची रीत या काळात मुळातून बदललेली नाही. बदलली ती दोन टोके. एका टोकाला घर आहे, दुसऱ्या टोकाला कचेरी. घरून काम करण्याची रीत पडल्यावर अनेकांच्या बाबतीत ही दोन टोके आठवड्याचे काही दिवस तरी एकच झाली. जेथे स्वयंपाक होतो तेथेच जेवणारा बसला असेल, तर मधली सारी वाट, कितीही निर्दोष असली तरी, रिकामी राहते.

आलेखाने येथे संपूर्ण उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. घसरणीतील किती वाटा घरून काम करण्याचा व किती नव्या सोयींचा, हे ठरविण्यास ग्राहकांची मोजदाद लागेल. परंतु दोष मधल्या वाटेत नाही, हे आलेख निश्चितपणे दाखवितो, आणि ही माहिती लहान नव्हे. ज्याच्या चुकीमुळे धंदा बसला त्याने आपले काम सुधारले पाहिजे. ज्याच्या चुकीवाचून तो बसला त्याला मात्र नवे टोक शोधले पाहिजे. पहिल्याला दिलेला उपदेश दुसऱ्याला दिला तर तो अन्यायच ठरेल.

दोन सावधगिरीच्या सूचना

आलेखनाचे साधन ज्याच्या हाती जाईल त्याच्या हेतूप्रमाणे वापरले जाते, हे विसरता येत नाही. आलेख काढणारा घड्याळ घेऊन मागे उभा राहिला, तर काम करणारा नियमपुस्तकातल्यासारखा वागू लागतो आणि जे पाहावयाचे तेच दिसेनासे होते. म्हणून पहिली सूचना अशी की ज्यांचे काम आखावयाचे त्यांनीच आखणीत भाग घ्यावा, आणि तयार झालेला आलेख प्रथम त्यांना दाखवावा. ‘असे होत नाही’ हे त्यांच्या तोंडचे वाक्य आलेखकाराला सर्वांत मोलाचे.

दुसरी सूचना चौकटीसंबंधी आहे. प्रत्येक आलेख कोठे तरी सुरू होतो व कोठे तरी संपतो. ही टोके आलेखकार निवडतो. मरोळच्या कल्पित कारखान्यात मूळ चौकटीच्या आत होते. डबेवाल्यांच्या बाबतीत ते टोकांवर होते. आतल्या वर्तुळांत दोष सापडला नाही, तर वर्तुळे अधिक बारीक करीत बसण्याऐवजी चौकट थोडी सरकवून पाहावी.

तात्पर्य, चालू कामाचा आलेख ही सुधारणा नव्हे, आणि निदानही नव्हे. निदानापूर्वीची ती नीट केलेली तपासणी होय. ‘करण्यात येते’ याच्या जागी ‘कोणी केले’, ‘पडून राहते’ याच्या जागी ‘किती दिवस व कोठे’, आणि ‘असेल’ याच्या जागी ‘मोजले तेव्हा इतके’ अशी वाक्ये लिहिण्याची सवय लागली, म्हणजे आलेखाचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम कामाच्या जागी जाऊनच करावे लागते. लेथवरच्या त्या दोन माणसांची पगारवाढ थांबवावयाची की नाही, याचा निर्णय मालकाच्या मेजावर न होता तेथे व्हावा, एवढीच या पद्धतीची मागणी आहे.